बाळाचा खुबा: रक्तातून काय येतं, दुपट्यातून काय येतं?

मखमलाबाद_नाका (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आशाताई, अंगणवाडीताई आणि बाळाला तेल-अंघोळ घालणाऱ्या मावश्या यांच्यासाठी खुब्याच्या जन्मजात विकारावर (मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या वाटीत नीट न बसणं किंवा बाहेर निखळणं) एक पानी पत्रक करायचं चाललंय. नाशिक शहर, निफाड-दिंडोरी आणि वरचा पेठ-सुरगाणा पट्टा डोळ्यांसमोर आहे. अक्षर मोठं हवं, म्हणजे फार तर दीडशे शब्द बसतील.

जोखमीची कारणं सगळीकडे एकाच दमात सांगतात: मुलगी असणं, पहिलटकरणीचं बाळ, पायाळू, घरात आधी कुणाला त्रास, गर्भजल कमी, घट्ट बांधणं. वंशातलं कोणतं, पोटात असताना घडणारं कोणतं आणि जन्मानंतर घरात होणारं कोणतं, हे त्यातून उमगत नाही. माझं मत असं की पत्रकावर फक्त शेवटचं, म्हणजे बांधण्याचं छापावं. आपल्या हातात तेवढंच आहे. बाकीचं वाचून बाळंतिणीला उगाच घोर. जाणकारांनी आपलं मत सांगावं.

सोनो_कॉलेजरोड

मला उलटं वाटतं. जी कारणं बदलता येत नाहीत तीच आधी छापा, कारण कोणत्या बाळाची सहाव्या आठवड्यात खुब्याची सोनोग्राफी करायची ते त्यांच्यावरूनच ठरतं. बांधण्याची सवय मोडणं सगळ्यांसाठी आहे. वंश आणि पायाळूपण हे निवड करण्यासाठी आहे. दोन्हींचं काम वेगळं.

वंशाचे आकडे रूथ विन-डेव्हिस यांच्या १९७० सालच्या अभ्यासातले आहेत आणि अजून तेच धरले जातात. आईवडील निरोगी पण आधीच्या भावंडाला त्रास, तर पुढच्या बाळाला साधारण ६ टक्के, म्हणजे सतरात एक. आई किंवा वडील यांपैकी एकाला त्रास असेल तर १२ टक्के, आठात एक. पालक आणि भावंड दोघांनाही असेल तर ३६ टक्के, तिनात एक. कुठलाही वंशेतिहास नसताना पूर्ण निखळलेला खुबा हजारात एक-दीड बाळांत दिसतो. हजारात एक आणि तिनात एक यांना एकच सल्ला कसा देणार?

जुना_सिडको

सोनोताई, मग तर सगळं जनुकांवरच आलं. तसं असेल तर बांधण्यावर एवढा भर कशाला? आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बाळं दुपट्यात गुंडाळली गेली. घराघरात लंगडी माणसं तर दिसत नाहीत.

फिजिओ_इंदिरानगर

सिडकोकाका, जनुकांवरच सगळं असतं तर एकाच बीजाच्या जुळ्यांत दोघांनाही व्हायला हवं होतं. जर्मनीत १९५१ साली जुळ्यांचा अभ्यास झाला. एकबीज जुळ्यांत एकाला असेल तर दुसऱ्याला असण्याचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास, द्विबीज जुळ्यांत ३ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे वंशाचा वाटा मोठा खराच, पण जनुकं तंतोतंत सारखी असूनही निम्म्याहून अधिक वेळा दुसरं जुळं सुटलं.

आता दुपटं. जपानमध्ये बाळाचे पाय सरळ ताणून बांधायची रीत होती. तिथे खुबा निखळण्याचं प्रमाण शेकडा एक ते साडेतीनपर्यंत नोंदलेलं होतं. सत्तरच्या दशकात पाय सरळ बांधू नका अशी मोहीम आजीबाईंपर्यंत नेली आणि प्रमाण ०.२ टक्क्यांच्या खाली आलं. माणसं तीच, रक्त तेच, बदललं ते फक्त बांधणं. अमेरिकेतल्या नावाहो लोकांत बाळाला फळीला बांधून ठेवण्याची पद्धत होती, तिथेही हा विकार जास्त होता. उलट आफ्रिकेत बाळ पाठीवर पाय फाकवून बांधतात, तिथे तो फार कमी आढळतो.

आपल्याकडच्या कडेवर घेण्याचाही असाच उपयोग होतो. बाळाचे दोन्ही पाय कमरेच्या दोन्ही बाजूंना, गुडघे वर, मांड्या फाकलेल्या. खुब्याचा गोळा वाटीत नीट बसायला याहून चांगली स्थिती नाही. त्यामुळे मान धरल्यावर बाळ कडेवर घेऊ द्या, "पाय फेंगडे होतील" म्हणून आयांना अडवू नका.

निफाडचा_पारा

निफाडच्या थंडीत बाळाला मोकळं ठेवायला कुणी तयार होत नाही हो. पारा पाच-सहाच्या घरात उतरला की कुंची, दोन दुपटी आणि वरून गोधडी, सगळं आवळून. मोकळं ठेवा एवढंच सांगून भागणार नाही, ऊब कशी द्यायची तेही सांगा.

फिजिओ_इंदिरानगर

अगदी बरोबर. थंडीत जन्मलेल्या बाळांत हा विकार जास्त दिसल्याच्या नोंदी काही देशांत आहेत, आणि त्याचं एक कारण घट्ट गुंडाळणं हेच मानतात.

ऊब आवळण्यातून येत नाही, थरांमध्ये अडकलेल्या हवेतून येते. आत सुती झबलं, त्यावर लोकरी बंडी, डोक्याला टोपडं, पायात मोजे आणि सैल लंगोट. त्यानंतर दुपटं असं:

चौकोनी सुती कापड, बाजू साधारण एक मीटर. वरचा कोपरा आत दुमडायचा आणि बाळाचे खांदे त्या घडीवर येतील असं उताणं ठेवायचं. छातीपाशी एक बाजू आणून दुसऱ्या अंगाखाली खोचायची, मग दुसरी. घट्टपणा मोजायचा तर आपला पंजा कापड आणि छाती यांच्यामध्ये सहज सरकला पाहिजे. कमरेखाली मात्र कापड पिशवीसारखं ढिलं सोडायचं. खालचा कोपरा वर आणून खोचताना पाय हाताने सरळ करायचे नाहीत. बांधून झालं की थोडं थांबून बघा: बाळाने गुडघे पोटाकडे ओढून दोन्ही बाजूंना टाकले तर बरोबर. पाय काठीसारखे जुळून राहिले तर सोडा आणि पुन्हा बांधा. बाळ कुशीवर वळायचा प्रयत्न करू लागलं की गुंडाळणं बंद.

चूक हटकून कुठे होते सांगतो. वरचा भाग नीट ढिला असतो, पण शेवटी "सुटू नये" म्हणून पावलांशी एक पीळ देतात किंवा नाडी बांधतात. त्या एका पिळाने दोन्ही मांड्या जुळतात आणि आधीची सगळी काळजी वाया जाते.

जुना_सिडको

हे पटलं. पण पाय जुळल्याने खुबा निखळतो कसा? हाड तर आतच असतं ना.

अस्थि_गंगापूररोड

नवजात बाळाचे खुबे आणि गुडघे जन्मतः २०-३० अंश वाकलेलेच असतात. पोटात तशीच घडी करून ते राहिलेलं असतं, पुढच्या काही महिन्यांत ती घडी आपोआप सुटते. ती जबरदस्तीने आधीच उघडली तर कमरेच्या मणक्यांपासून मांडीच्या हाडापर्यंत जाणारा स्नायू ताणला जातो आणि गोळा वाटीबाहेर ढकलला जातो. वाटीची कड तेव्हा कूर्चेची, मऊ असते. गोळा मधोमध दाबून बसला तर वाटी खोल होत जाते, कडेवर घासत राहिला तर उथळच राहते. वाटीला आकार येण्याचा सगळ्यात वेगवान काळ पहिले तीन महिने, आणि आपण बाळ बांधतो नेमकं तेव्हाच.

वंशातून येतं ते दोन वाटांनी. काही घराण्यांत वाटीच मुळात उथळ असते. काहींत सांध्यांचे बंध सैल असतात, बोटं मागे वळणारी, कोपर उलटं जाणारी माणसं त्या घरात दिसतात. त्यामुळे "घरात कुणी लंगडतं का" एवढंच न विचारता "तरुणपणी, चाळीस-पन्नाशीच्या आत कुणाचा खुबा बदलला का" हेही विचारा. उथळ वाटीचा खुबा लहानपणी न लंगडताही लवकर झिजतो.

सिस्टर_पंचवटी

पोटातल्या कारणांबद्दल. पायाळू बाळ, त्यातही गुडघे सरळ ताणून पावलं डोक्याशी असलेलं, सगळ्यात जोखमीचं. नवव्या महिन्यात बाळ फिरलं आणि डोकं खाली आलं तरी आधीचं पायाळूपण मोजायचं असतं. सिझर झालं म्हणजे प्रश्न मिटला असंही समजू नका. दाब महिनोन्‌महिने पोटात पडलेला असतो, बाहेर यायची वाट बदलून तो पुसला जात नाही.

पहिलटकरणीची गर्भपिशवी आणि पोटाचे स्नायू घट्ट, म्हणून जागा कमी. गर्भजल कमी असेल तर आणखी कमी. मान एका बाजूला कललेली किंवा पावलाचा पुढचा भाग आत वळलेला दिसला तर खुबा तपासायलाच हवा, कारण पोटातली दाटी हेच या सगळ्यांचं मूळ असू शकतं.

एक विनंती: सुट्टीच्या कार्डावर "पायाळू" हे लिहून घ्या. नुसतं "सिझर" लिहिलेलं असतं आणि सहा आठवड्यांनी लस द्यायला बाळ दुसरीकडे गेलं की ही माहिती हरवते.

पायाळूची_लाथ

आपल्याकडे ती कार्डाशिवायही टिकते बरं का! पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते, म्हणून अख्ख्या गल्लीला माहीत असतं कोण पायाळू ते. उसण भरलेल्यांनी येताना बाळाच्या आईला एवढं विचारावं: खुब्याची सोनोग्राफी झाली का?

सिस्टर_पंचवटी

@पायाळूची_लाथ, हसायला आलं, पण मुद्दा कामाचा आहे. आजीला "ब्रीच होतं का" विचारलं तर मान हलते, "पायाळू आहे का" विचारलं तर लगेच आणि अचूक उत्तर येतं. पत्रकावर हाच शब्द ठेवा.

भाबडा_प्रश्न

मुलींनाच जास्त का? आणि उजव्यापेक्षा डाव्या पायालाच जास्त का?

अस्थि_गंगापूररोड

पाचांतल्या चार तरी मुली असतात. बाळंतपणासाठी आईच्या शरीरात सांधे सैल करणारी संप्रेरकं वाढतात, मुलींचे बंध त्यांना जास्त दाद देतात असं मानलं जातं. डावा अशासाठी की बहुतेक बाळं पोटात अशी वळून असतात की त्यांची डावी मांडी आईच्या कण्यावर टेकते आणि फाकायला जागा मिळत नाही.

मखमलाबाद_नाका

वंशाचं पानावर नको म्हणण्यामागे माझी एक काळजी होती. "घरात कुणाला आहे का" हा प्रश्न आला की बोट लगेच सुनेच्या माहेराकडे वळतं. आशाताईंना तिथे उभं राहायला अवघड जातं.

अश्विनी_द्वारका

ही काळजी खरी आहे, आणि उत्तर प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत आहे. "आईच्या किंवा वडिलांच्या घरी" असे दोन्ही शब्द मोठ्याने म्हणायचे, आणि वडिलांकडचं आधी विचारायचं. वंशाची जोखीम दोन्हीकडून येते, ती एका जनुकाची गोष्ट नाही. गर्भजल कमी होणं किंवा बाळ पायाळू असणं यात आईचा काडीचा दोष नाही, हेही त्याच वेळी सांगायचं. पत्रकावर एक ओळ द्याच: "हा आजार कुणाच्या चुकीने होत नाही."

चौकस_नाशिककर

मामाच्या मुलीशी लग्न झालं असेल तर?

कळवणकर

निखळणाऱ्या खुब्यासाठी नात्यातलं लग्न हे ठळक कारण धरत नाहीत. पण नात्यातल्या लग्नाने दोन्हीकडून एकच सदोष जनुक येण्याची शक्यता वाढते, आणि हाडांच्या वाढीचे काही दुर्मीळ आजार तसेच येतात. त्यांत दोन्ही खुबे लहानपणीच खराब होऊ शकतात.

आमच्या सुरगाणा-कळवण-पेठ पट्ट्यात वंशातून येणारं खुब्याचं मोठं दुखणं वेगळंच आहे: सिकलसेल. त्याला नातं लागत नाही, दोन्ही पालक वाहक असले की पुरतं. प्रत्येक बाळंतपणात २५ टक्के शक्यता की मूल रुग्ण असेल. अशा मुलात रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन मांडीच्या हाडाच्या गोळ्याकडे जाणाऱ्या बारीक वाहिन्या तुंबवतात आणि गोळ्याचा तो भाग मरतो. सुरुवातीला एक्स-रे अगदी स्वच्छ दिसतो, एमआरआयमध्येच कळतं. म्हणून सिकलसेलचं मूल जांघेत किंवा गुडघ्यात दुखतंय म्हणत असेल तर एक्स-रे चांगला आला म्हणून घरी पाठवू नका. पाणी कमी पिणं, थंडी, ताप यांनी झटका येतो. वंश आणि परिस्थिती हातात हात घालून कसं काम करतात याचं याहून स्पष्ट उदाहरण नाही.

तपासणी सोपी आहे: आधी सोल्युबिलिटी चाचणी (रक्ताची प्राथमिक तपासणी), ती सकारात्मक आली तर एचपीएलसी (खात्री करणारी तपासणी). १ जुलै २०२३ पासून केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, लग्नाआधी तपासणी हा तिचा भाग.

चौकस_नाशिककर

मग पाच-सहा वर्षांचा मुलगा अचानक लंगडायला लागला तर तेही सिकलसेलच?

अस्थि_गंगापूररोड

नाही, वय बघून विचार बदलतो. चार ते आठ वर्षांचा चपळ मुलगा, हळूहळू लंगड, गुडघ्यात दुखतं म्हणतो: पर्थिस. गोळ्याचा रक्तपुरवठा काही काळ तुटतो. मुलग्यांत मुलींच्या चार-पाच पट. यात वंशाचा भाग लहान, परिस्थितीचा मोठा. कमी वजनाने जन्म, गरिबी आणि घरातली विडी-सिगारेट यांच्याशी संबंध दिसलाय. भारतात कर्नाटकाच्या किनारपट्टीवर हा आजार जास्त आढळल्याचा अभ्यास आहे.

दहा ते सोळा वयाचं वजनदार मूल, पाय बाहेर वळवून चालतंय, मांडी पोटाकडे वाकवली की आपोआप बाहेर फिरते: गोळ्याचं टोक वाढीच्या रेषेवरून घसरलंय. त्याला एक पाऊलही चालवू नका, खुर्चीत बसवून त्याच दिवशी न्या. स्क्रू बसवून ते थांबवता येतं, उशीर झाला तर गोळाच मरू शकतो. यात वजन मुख्य, पण मूल दहाच्या आतलं किंवा सडपातळ असेल तर थायरॉइड तपासा.

दोन्हींत फसवणूक एकच: मूल गुडघा दाखवतं. गुडघ्याचे तीन-तीन एक्स-रे निघतात आणि खुब्याचा एकही नाही.

सिस्टर_पंचवटी

मावश्यांच्या पत्रकात एक गोष्ट यायलाच हवी. काचेच्या पेटीत राहून आलेलं किंवा अंगावर पुळ्या झालेलं तान्हं बाळ एक पाय हलवत नसेल, लंगोट बदलताना किंचाळत असेल, तर तो सांध्यातला पू असू शकतो. तान्ह्यात ताप असेलच असं नाही. लचक समजून तेल लावून चोळतात, शेकतात, आणि इकडे पुवाचा दाब गोळ्याचं रक्त बंद करतो. हा तासांचा खेळ आहे, दिवसांचा नाही. चोळायचं नाही, थेट बालरोग विभागात.

मालिश_प्रेमी

मालिश बंद करा म्हणता की काय? अंघोळीवाली मावशी तर पाय धरून उलटं लोंबवते, म्हणे कणा सरळ होतो.

फिजिओ_इंदिरानगर

मालिश चालू दे, बाळाला आवडते. तीन गोष्टी सोडा: पाय धरून उलटं लोंबवणं, दोन्ही पाय जुळवून टाचा खेचून "उंची वाढवणं", आणि कट्‌ आवाज येईपर्यंत खुबा फिरवणं. मांडीवर हात वरून खाली फिरवा, मग गुडघे वाकवून बाहेर टाकू द्या, जोर बाळाचा, आपला नाही.

तोच नियम झोळीला. साडीच्या झोळीत बाळ पाय दुमडून मोकळं पडलं असेल तर हरकत नाही. आधी पाय बांधून मग झोळीत ठेवणं हा प्रकार नको.

जुना_सिडको

मांडीवरच्या वळ्या दोन्हीकडे सारख्या नसल्या की खुबा गेला असं ऐकलंय. मावश्या हे तरी बघू शकतील.

सोनो_कॉलेजरोड

वळ्यांवर भिस्त ठेवू नका. असंख्य निरोगी बाळांच्या वळ्या वेगवेगळ्या असतात. आणि दोन्ही खुबे निखळलेले असतील तर वळ्या अगदी सारख्या दिसतील.

घरी बघण्यासारखी खूण एकच: लंगोट बदलताना एक मांडी दुसरीइतकी बाहेर पडत नाही. ही तीन महिन्यांनंतर स्पष्ट होते. त्याआधी डॉक्टर जी खटक तपासतात, १९३७ ची ओर्तोलानी आणि १९६२ ची बार्लो, ती कुणीही घरी करून बघायची नाही. बाळ पोट भरलेलं, शांत, उबदार खोलीत, एका वेळी एकच खुबा, हलक्या हाताने, अशी ती करतात. बारीक कटकट म्हणजे आजार नव्हे, गोळा आत-बाहेर सरकल्याची दणकी वेगळी लागते.

आता सोनोग्राफी सहाव्या आठवड्यातच का? जन्मल्याबरोबर केली तर कितीतरी खुबे कच्चे दिसतात आणि महिनाभरात आपोआप पिकतात. विनाकारण धावपळ होते. चार-सहा महिन्यांनंतर गोळ्यात हाडाचं केंद्र दिसू लागतं, मग एक्स-रे जास्त उपयोगी. त्याआधी एक्स-रे काढून फायदा नाही, गोळा कूर्चेचा, तो दिसतच नाही.

ऑस्ट्रियात १९९२ पासून आणि जर्मनीत १९९६ पासून प्रत्येक बाळाची सोनोग्राफी होते. आपल्याकडे ते शक्य नाही, म्हणून निवड. २०२२ साली भारतीय बालअस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेसोबत भारतासाठी मार्गदर्शिका काढली. तिचा गाभा हाच: लसीकरणाच्या भेटीत प्रत्येक बाळाचे खुबे हाताने तपासा, आणि जोखीम असलेल्यांची सहाव्या आठवड्यात सोनोग्राफी करा. घट्ट बांधणं हे तिथे जोखमीतच धरलंय.

रिपोर्ट हातात आला की बघा: दोन्ही खुब्यांचा "अल्फा" कोन, म्हणजे वाटी किती खोल आहे ते सांगणारा कोन, लिहिलाय का? ६० अंश किंवा जास्त म्हणजे पक्व. तीन महिन्यांच्या आतल्या बाळात ५० ते ५९ म्हणजे कच्चा, पुन्हा करा. त्याखाली म्हणजे अस्थिरोगतज्ज्ञ. नुसतं "दोन्ही खुबे नॉर्मल" असा कोनाशिवायचा रिपोर्ट अपुरा. चित्रातही तीन खुणा दिसायला हव्यात: कमरेच्या हाडाची सरळ उभी रेषा, वाटीच्या तळाचं हाडाचं टोक आणि वाटीची कूर्चेची कड. यातली एक नसली तर प्रोब (सोनोग्राफीचं अंगावर टेकवायचं यंत्र) तिरका धरलाय आणि कोन खोटा आहे.

चौकस_नाशिककर

दोन-तीन लंगोट एकावर एक बांधून पाय फाकवले तर सौम्य केस घरीच बरी होईल ना?

अस्थि_गंगापूररोड

नाही. जाड लंगोटाने खुबा धरून राहत नाही, आणि त्या समजुतीत महिने निघून जातात.

सहा महिन्यांच्या आत निदान झालं तर पाव्हलिकचा पट्टा. आर्नोल्ड पाव्हलिक हे चेक डॉक्टर. छातीचा पट्टा स्तनाग्रांच्या रेषेत, पुढचे पट्टे खुबा ९० ते १०० अंश वाकवून ठेवतात, मागचे पट्टे ढिले, ते फक्त मांड्या जुळू देत नाहीत. मागचे पट्टे ओढून मांड्या जमिनीला टेकवल्या तर गोळ्याचं रक्त तुटतं. पुढचे जास्त आवळले तर मांडीची नस दबते: बाळ गुडघा सरळ करून लाथ मारायचं थांबतं. रोज बघायची गोष्ट हीच. लाथ बंद झाली की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

दिवसाचे २३ तास, साधारण ६ ते १२ आठवडे. लंगोट पट्ट्यांच्या आतून, कपडे वरून. अंग ओल्या फडक्याने पुसायचं. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत गुडघ्यामागे आणि जांघेत घामोळं चिघळतं, तिथे पातळ सुती पायमोजा घालावा, पावडर टाकू नये. पूर्ण निखळलेला खुबा तीन-चार आठवड्यांत आत बसला नाही तर पट्टा थांबवतात, नाहीतर वाटीची मागची कड झिजते.

सहा महिन्यांनंतर भूल देऊन खुबा बसवणं आणि कमरेपासून प्लास्टर. दीड वर्षानंतर बहुधा शस्त्रक्रिया, कधी वाटीचं किंवा मांडीचं हाडही कापावं लागतं. चालायला लागल्यावर मूल डुलतंय म्हणून जे आणतात ते या टप्प्यावरचे.

कळवणकर

एक अडचण. द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या बागांवर येतात. सहाव्या आठवड्याची लस गावात नोंदलेली, बाळ बागेवर. लस हुकते, खुबा तपासणं त्याहून आधी हुकतं. पत्रक बागांवरही द्या.

मखमलाबाद_नाका

सगळ्यांचं वाचून मसुदा बदललाय. बघा:

"बाळाचा खुबा तपासा. हा आजार कुणाच्या चुकीने होत नाही. वेळेत कळला तर बिनाऑपरेशन बरा होऊ शकतो. बाळ पायाळू आहे किंवा पोटात असताना पायाळू होतं? वडिलांच्या किंवा आईच्या घरी कुणाचा खुबा जन्मतः सरकलेला होता, किंवा पन्नाशीच्या आत बदलला? गर्भजल कमी होतं? मान कललेली किंवा पाऊल वळलेलं आहे? एकाही प्रश्नाला हो असेल तर सहाव्या आठवड्यात खुब्याची सोनोग्राफी. सगळ्यांना नाही असेल तरी प्रत्येक लसीच्या वेळी खुबे तपासून घ्या. पाय सरळ करून बांधू नका, कमरेखाली दुपटं ढिलं. उलटं लोंबवू नका. पाय ओढू नका. बाळ एक पाय हलवत नसेल तर चोळू नका, आजच दवाखान्यात न्या."

अश्विनी_द्वारका

छान झालंय. "सगळ्यांना नाही असेल तरी" ही ओळ ठळक करा. हा विकार होणाऱ्या कितीतरी बाळांत मुलगी असणं किंवा पहिलं असणं याखेरीज कुठलंच कारण सापडत नाही.

आणि "सहाव्या आठवड्यात" म्हणजे कधी ते मोजायला लावू नका. आशाताईंची घरभेट ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतेच. ४२ वा दिवस म्हणजे तोच. पानाच्या तळाशी रिकामी चौकट द्या, पहिल्याच भेटीत ताईंनी तिथे तारीख लिहावी. खुब्याचा हा विकार राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जन्मदोषांच्या यादीत आहे, त्यामुळे शंका आली तर पुढे पाठवायची वाट ताईंना ठाऊक असते.

सोनो_कॉलेजरोड

चौकटीशेजारी तपासणीचं नावही छापा: "दोन्ही खुब्यांची सोनोग्राफी, अल्फा कोनासह". चिठ्ठीवर नुसतं सोनोग्राफी लिहिलं की पोटाची करून पाठवतात.

कळवणकर

वरच्या पट्ट्यासाठी शब्दांपेक्षा चित्र जास्त चालेल. दोन चित्रं पुरेत, चूक आणि बरोबर. बरोबरच्या चित्रात दुपट्याखाली गुडघ्यांचे उंचवटे दोन बाजूंना स्पष्ट दिसले पाहिजेत. चुकीच्या चित्रात पावलांशी तो पीळ दाखवा.

मखमलाबाद_नाका

पीळ, चौकट, तपासणीचं नाव, तिन्ही घेतो. चित्र काढून झालं की छापण्याआधी इथे टाकतो. फिजिओसाहेब, पायांचा कोन तेवढा तपासून द्या.